आपल्याच राज्यातले परदेशी : उचल, कोयता आणि आंबेडकरी चळवळ

दिवाळी उरकली की अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर, शेटफळगढे या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येऊ लागतात. ट्रॉलीत धान्याची पोती, भांडीकुंडी, एखादी शेळी आणि त्या पसाऱ्यावर बसलेली लेकरे. आठ दिवसांत ओढ्याकाठी, गायरानात, कारखान्याच्या मोकळ्या जागेत कोप्या उभ्या राहतात. पट्टा पडला की त्या मोडतात आणि मागे फक्त चुलीचे काळे दगड उरतात. आपल्या गावात पाच महिने राहून गेलेल्या या माणसांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नसते. गाव त्यांना 'कोयते' म्हणते. किती माणसे आली असे कोणी विचारत नाही, किती कोयते आले असे विचारतात.

हे कोयते येतात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून. बीड जिल्ह्यातले पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी हे तालुके, नगरकडचे पाथर्डी-शेवगाव, शिवाय जालना आणि परभणी. राज्यातल्या ऊसतोड मजुरांचा आकडा दहा लाखांच्या आसपास असल्याचे अंदाज वर्षानुवर्षे सांगितले जातात. नेमका आकडा कोणाकडेच नाही, कारण तो मोजण्याची गरज कोणाला वाटलेली नाही. जनावरांची गणना होते, उसाच्या क्षेत्राची नोंद होते, उताऱ्याचा हिशेब दशांश चिन्हापर्यंत ठेवला जातो. ऊस तोडणारा माणूस मात्र अंदाजाने मोजला जातो.

आमचा मुद्दा असा की ही केवळ ऊसतोड कामगार संघटनांनी सोडवायची बाब नाही. इंदापूर-बारामतीतल्या आंबेडकरी तरुणांचा हा थेट विषय आहे. तो का, हे नीट मांडले पाहिजे.

गरीब शेजारी आणि श्रीमंत शेजारी

जगात असे स्थलांतर आणखी कुठे होते, ते आधी पाहू. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि काल एका देशात राहणारी माणसे एकमेकांसाठी परदेशी झाली. ताजिकिस्तान, किरगिझस्तान, उझबेकिस्तान इथली लाखो माणसे कामासाठी रशियात जाऊ लागली. बांधकाम, रस्ते झाडणे, बाजारातली हमाली ही त्यांची कामे. ताजिकिस्तानसारख्या देशात काही वर्षे अशी गेली की बाहेरून येणारा पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक होता. २०१४-१५ मध्ये रशियाचे चलन घसरले आणि ताजिक खेड्यांतल्या चुली थंडावल्या. किरगिझस्तान २०१५ मध्ये रशियाच्या आर्थिक संघात सामील झाला, म्हणून त्याच्या मजुरांना वेगळा काम-परवाना लागत नाही. ताजिक मजुराला तो दर महिन्याला पैसे भरून जिवंत ठेवावा लागतो. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळ दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा त्याची किंमत सगळ्या ताजिक मजुरांनी मोजली. झडत्या झाल्या, हकालपट्ट्या झाल्या.

यातून अर्थशास्त्राचा एक साधा धडा मिळतो. मजूर जन्माला घालायचा, वाढवायचा, आजारपणात सांभाळायचा आणि म्हातारपणी पोसायचा खर्च गरीब प्रदेश करतो. त्याच्या अंगातल्या ताकदीची सर्वांत चांगली वर्षे श्रीमंत प्रदेश वापरतो. दोघांमध्ये सीमा असेल तर त्या सीमेच्या नावाने मजुरी कमी ठेवता येते.

बीड आणि बारामतीच्या मध्ये अशी सीमा नाही. पासपोर्ट लागत नाही, भाषा एक, राज्य एक, संविधान एक. तरी ऊसतोड मजुराची अवस्था ताजिक मजुरापेक्षा एका बाबतीत वाईट आहे. ताजिक मजूर आधी काम करतो आणि मग घरी पैसे पाठवतो. आपला ऊसतोड मजूर आधी पैसे घेतो आणि मग ते फेडायला घर सोडतो. तिथे कमाई गावाकडे येते. इथे कमाई गावातच संपलेली असते, मुलीच्या लग्नात, बापाच्या दवाखान्यात, खासगी सावकाराच्या व्याजात. फडात येतो तो कर्जदार.

उचलीचा हिशेब

हिशेब मांडून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांत करार झाला आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला सुमारे ३६६ रुपये. वाढ मोठी वाटते, पण ती एका माणसाची मजुरी नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात उतरून दोघांनी दिवसभर राबले तर दीड ते दोन टन ऊस तुटतो. तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. दोन टनांचे झाले ७३२ रुपये. म्हणजे माणशी ३६६, आणि कामाचे तास मोजायचे नाहीत.

हंगामात पाऊस, यंत्राचा बिघाड, गाडीची वाट, आजारपण हे सगळे वजा जाता १२० दिवस पूर्ण काम मिळाले असे धरू. रोज दोन टन म्हणजे २४० टन. त्याचे झाले ८७,८४० रुपये. उचल एक लाखाची असेल तर पाच महिने दोन माणसे राबूनही १२,१६० रुपये बाकी राहिली. रोज दीड टनच पडला तर कमाई ६५,८८० आणि बाकी ३४,१२० रुपये. ही बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीतून कापली जाते. याच करारात मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. वरच्या हिशेबाने एका कोयत्यामागे साडेसतरा हजार आणि दहा कोयत्यांच्या टोळीमागे पावणेदोन लाखांच्या वर. मुकादमाचीही जोखीम असते, पळून गेलेल्या कोयत्याची उचल त्याच्या अंगावर येते, हे आम्ही नाकारत नाही. पण म्हणूनच तो मजुराच्या मागे गावापर्यंत जातो, त्याचा बैल ओढून नेतो, पोराला अडकवून ठेवतो. जोखीम वरून खाली ढकलत नेली की सगळ्यात खालच्याच्या मानेवर बसते.

त्याच २०२४-२५ च्या हंगामात उसाची केंद्राने ठरवलेली किंमत १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती. शेतात उभा असलेला ऊस साखर व्हायच्या लायकीचा करणाऱ्या दोन माणसांचा वाटा त्या किमतीच्या जेमतेम दहा-अकरा टक्के. तोही कारखाना आपल्या खिशातून देत नाही. तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्या बिलातून कापली जाते. त्यामुळे मजुरी वाढवा म्हटले की लहान शेतकरी अंगावर येतो. मजूर आणि अल्पभूधारक यांना समोरासमोर उभे करून कारखाना मधून निसटतो.

मालक कोण?

ऊसतोड कामगार आमचा नोकर नाही, तो मुकादमाचा माणूस, असे कारखाने सांगतात. मग दराच्या वाटाघाटीला साखर संघ का बसतो? उचलीचे पैसे मुकादमापर्यंत कोणाकडून येतात? आज कोणत्या फडात तोड द्यायची हे कोणाचा चिटबॉय सांगतो? वजन कोणाच्या काट्यावर होते? भाव ठरवताना, काम सांगताना, वजन करताना कारखाना मालक असतो. भविष्य निर्वाह निधी, अपघात, बाळंतपण यांचा विषय निघाला की तो परका होतो.

कायद्यानेही या मजुराला हुलकावणी दिली आहे. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला, पण तो आंतरराज्य मजुरांसाठी. बीडचा मजूर कर्नाटकात गेला तर स्थलांतरित, इंदापुरात आला तर नाही. २०२० च्या नव्या संहितेतही शब्द 'आंतरराज्य' हाच राहिला. म्हणजे परदेशी म्हणून मिळणारे संरक्षण नाही आणि गावकरी म्हणून मिळणारी ओळखही नाही.

पण एक कायदा आहे आणि त्याचे नाव घ्यायला प्रशासन घाबरते. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा, १९७६. आगाऊ रक्कम घेतली म्हणून दुसरीकडे काम करायची मोकळीक जाणे, हे त्या कायद्याच्या कक्षेत येते. संविधानाचे कलम २३ वेठबिगारीला मनाई करते. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करायला लागणे ही देखील सक्तीची मजुरीच आहे, कारण भुकेची सक्ती ही सक्तीच असते. मग उचलीच्या बदल्यात पाच महिने बांधलेला कोयता या कलमात का बसत नाही? उसाच्या पट्ट्यात हा प्रश्न विचारणारे तहसील कार्यालय आम्ही अजून पाहिलेले नाही.

बाईचा कोयता अर्धा

कोयता म्हणजे जोडी. जोडीचा हिशेब पुरुषाच्या नावावर, उचल पुरुषाच्या हातात, अंगठा पुरुषाचा. बाईने तोडलेल्या टनाची वेगळी नोंद कुठेच नाही. तिला मजुरी मिळते की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कागदावर ती मजूरच नाही. फडातून कोपीवर आल्यावर पाणी, चूल, लेकरे हे काम वेगळेच.

२०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींत एक. देशपातळीवर हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. पाळीमुळे, दुखण्यामुळे एक दिवस काम बुडाले तर खाडा धरला जातो आणि दंड कापला जातो. शरीराचा एक भाग काढून टाकणे खाड्यापेक्षा स्वस्त वाटावे, अशी ही अर्थव्यवस्था आहे.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तर तिच्या बाळंतपणाचा भार काही अंशी त्यानेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. त्याला जवळपास शंभर वर्षे होत आली. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या परिसरातल्या किती कोप्यांपर्यंत ती भूमिका पोहोचली, हे आपण जाऊन पाहावे.

एक स्थलांतर सोडवते, दुसरे बांधते

काही मित्र विचारतील की बाबासाहेबांनीच गाव सोडायला सांगितले, मग स्थलांतराला विरोध कशासाठी? आमचा विरोध स्थलांतराला नाही. १९१८ च्या लहान शेतधारणेवरच्या निबंधातच बाबासाहेबांनी दाखवले होते की शेतीवर रिकामे बसलेले श्रम हा खरा रोग आहे आणि उद्योगधंदे वाढवून ते श्रम शेतीबाहेर काढणे हा उपाय आहे. आपले आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत, खडकी-देहूरोडच्या कारखान्यांत गेले. तिथेही जात होती. गिरणीत विणाई खात्याचे दार आपल्यासाठी बंद होते. तरी त्या स्थलांतराने माणूस घडवला, कारण तिथे तीन गोष्टी मिळाल्या. महिन्याला हातात पडणारा रोख पगार मिळाला, म्हणून वतनाची भाकर मागायची गरज संपली. कायमचा पत्ता मिळाला, म्हणून पोर शाळेत गेले. आणि हजारो माणसे एका ठिकाणी आली, म्हणून युनियन, सभा, चळवळ उभी राहिली.

ऊसतोडीत यातले एकही नाही. पगाराऐवजी उचल, पत्त्याऐवजी कोपी, संघटनेऐवजी टोळी. टोळी बहुतेक जातवार आणि भावकीवार बनते, म्हणजे जात गावातून ट्रॉलीत बसून फडात येते. एका गावाच्या वेशीबाहेरून निघायचे आणि दुसऱ्या गावाच्या वेशीबाहेर उतरायचे. हे स्थलांतर माणसाला गावातून बाहेर काढत नाही, गावकुसाबाहेरच फिरवत ठेवते.

जात म्हणजे श्रमिकांची विभागणी, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. ऊसतोडीत ती विभागणी डोळ्यांनी दिसते. फडात वंजारी आहे, बौद्ध आहे, मातंग आहे, बंजारा आहे, धनगर आहे, मराठाही आहे. कोयता सगळ्यांच्या हाताला सारखाच लागतो. पण राजकारणात हा प्रश्न एका समाजाचा आणि एका घराण्याचा करून ठेवला गेला. त्यामुळे बाकीच्या जातींचे कोयते अदृश्य झाले आणि ज्या समाजाच्या नावाने राजकारण झाले, त्याचाही कोयता सुटला नाही. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती. तेव्हा मतदानासाठी गळीत हंगाम पुढे ढकला, अशी मागणी झाली. मतासाठी तारीख हलवायचा विचार होऊ शकतो. लेकरांच्या परीक्षेसाठी तो कधी झाल्याचे आम्हाला आठवत नाही.

जमीन कोणाची होऊ शकली असती

अंथुर्ण्याच्या शेजारीच वालचंदनगर आहे. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इथे साखर कारखाना उभारला, पुढे यंत्रांचा उद्योग वाढला. आज तिथे रॉकेटचे भाग बनतात. त्याच शिवारात ऊस मात्र कोयत्याने तुटतो.

याच पट्ट्याने आणखी एक मोठी संधी पाहिली आहे. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांकडच्या खंडाच्या हजारो एकर जमिनी सरकारकडे आल्या आणि १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगर-रत्नपुरीचे मळे त्यातलेच. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या १९४७ च्या निवेदनात बाबासाहेबांनी सांगितले होते की शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हे तिन्ही प्रकार उरणार नाहीत. इथे जमीन राज्याच्या हातात होती, बारमाही कालवा होता, कसणारे मजूर होते. तरी सामुदायिक शेती झाली नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती करून जमिनी मूळ खंडकऱ्यांना आणि त्यांच्या वारसांना परत देण्यात आल्या. मळ्यांवर पिढ्या घालवलेले कामगार मात्र घरापुरती दोन गुंठे जागा द्या म्हणून भांडत राहिले. मालकी वारशाने मिळते, श्रमाने मिळत नाही, हेच या निर्णयाने पुन्हा सांगितले.

एकीकडे नीरा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकापासून कालवे आले, पाणी आले, ऊस आला, कारखाने आले. दुसरीकडे बालाघाटच्या माथ्यावर टँकर आले. पाणी माणसांपर्यंत पोहोचले नाही, म्हणून माणसे पाण्यापर्यंत चालत आली. याला निसर्ग म्हणू नका. धरण कुठे बांधायचे आणि पाटाचे पाणी कोणत्या पिकाला द्यायचे, हे माणसे ठरवतात.

यंत्र आले, आता पुढे?

आता फडात हार्वेस्टर येऊ लागला आहे. २०२३ मध्ये त्याच्या खरेदीला ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम अनुदान म्हणून देण्याची योजना आली. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. यंत्राने माणसाला जनावराच्या कष्टातून सोडवावे, हीच बाबासाहेबांची भूमिका होती. चरख्याचे गोडवे गाणाऱ्यांशी त्यांचा वाद याच मुद्द्यावर होता. पण यंत्र घेणाऱ्याला ३५ लाख आणि यंत्रामुळे काम जाणाऱ्याला शून्य, हे धोरण कोणाचे? २०१९ मध्ये ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले. त्याला टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. हा पैसा वसतिगृहांपुरता न ठेवता कोयता सोडणाऱ्यांच्या पुनर्वसनालाही लागला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. ऊसतोड कामगाराचा मालक कारखाना आहे, हे कायद्याने मान्य करा. कोयत्याची नोंद जोडीने न करता स्त्री आणि पुरुष यांची वेगवेगळी करा, मजुरी ज्याच्या त्याच्या खात्यात जमा करा. उचलीचा करार लेखी करा आणि बाकी पुढच्या हंगामात ओढायला बंदी घाला. खाडा बंद करा. जिल्हा ओलांडणाऱ्या मजुरालाही स्थलांतरित म्हणा. हार्वेस्टरच्या अनुदानाइतकाच निधी कोयता सोडणाऱ्यांसाठी ठेवा.

मागण्या मुंबईत पोहोचतील तेव्हा पोहोचतील. आपल्या हातात आज काय आहे? इंदापूर-बारामतीत अशी गावे कमी, जिथे बौद्धवाडा नाही आणि विहार नाही. १४ एप्रिलला आपण लाखोंची मिरवणूक काढतो आणि त्याच सुमारास कोप्या मोडत असतात. यंदा प्रत्येक विहाराने आपल्या शिवारातल्या कोप्यांची यादी करावी. नाव, गाव, वय, लेकरे किती, उचल किती, बाकी किती. ही यादी म्हणजे सरकारने न केलेली गणना. शाळेच्या वयाच्या पोरांना जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवायला मुख्याध्यापकाकडे आपणच जावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मधूनच आलेल्या लेकरालाही प्रवेश नाकारता येत नाही. संध्याकाळी विहारात तासभर अभ्यास घेता येतो. वजनाच्या पावतीचा फोटो काढून ठेवायला मजुराला शिकवता येते. कोणाला डांबले, कोणावर हात टाकला, तर वेठबिगार कायद्याखाली अर्ज लिहायला एक वकील तालुक्यात उभा करता येतो.

हे करताना समोरच्याची जात विचारू नये. तो वंजारी असेल, मराठा असेल, कदाचित गावाकडे आपल्याच वाड्याशी भांडून आलेला असेल. विहारात बसलेल्या त्याच्या पोराच्या हातात पाटी दिली, तर जातीची भिंत भाषणाशिवाय खचू लागते. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्यातल्या एकाशी आपण रोज लढतो. दुसरा आपल्या शिवारात दरवर्षी दिवाळीनंतर येतो आणि आपण त्याला फक्त गळीत हंगाम म्हणतो.

गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणूनच आपल्या गावाबाहेर आज कोण राहते आहे, याची खबर सगळ्यांत आधी आपल्याला असायला हवी.

जय भीम.